चौक वजा करून

आमच्या हॉस्पिटलात इलेक्ट्रोलाइट्स तपासायचं चालू मशीन नाही. हिमोग्लोबिन, साखर, लघवी एवढं इथंच होतं. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन यांच्यासाठी रक्त चाकण ओलांडून चिंचवडच्या लॅबला पाठवावं लागतं. लॅबचा माणूस मोटरसायकलवर येतो, वाटेतल्या सगळ्या दवाखान्यांच्या ट्यूबा पाठीवरच्या बॅगेत गोळा करतो आणि चाकणच्या चौकात जाऊन अडकतो. नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बस, कांद्याचे टेम्पो, मधेच तोंड घातलेल्या रिक्षा. एक शिफ्ट सुटायची आणि दुसरी भरायची वेळ असली, तर मोटरसायकलसुद्धा पुढे सरकत नाही. माणूस हेल्मेट काढून हँडलला अडकवतो आणि उभा राहतो. बॅगेतलं रक्तही त्याच्याबरोबर उभं राहतं.

रक्त असं पडून राहिलं, तापलं, खड्ड्यांत हिंदकळलं, की तांबड्या पेशी फुटायला लागतात. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशी फुटली की ते बाहेर येतं आणि लॅबचं मशीन तेच मोजतं. पेशंटचं पोटॅशियम साडेचार असतं आणि रिपोर्टवर सहा छापून येतं. पहिल्या नोकरीला आलेला प्रत्येक डॉक्टर असा रिपोर्ट बघून एकदा तरी धावत सुटतो. मग कुणीतरी सिस्टर त्याला सांगते, "डॉक्टर, चौक वजा करा."

हा शब्द कुणी काढला ते आठवत नाही. पण आमच्या पट्ट्यातल्या दोन-तीन हॉस्पिटलांत तो चालायचा. रिपोर्ट जास्त आला की मुली विचारायच्या, "चौक धरून, की चौक वजा जाता?" आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे सर, हसायचे, नवा नमुना पाठवायला सांगायचे, आणि दुसरा रिपोर्ट साडेचार किंवा चार पॉइंट आठ यायचा. जवळजवळ प्रत्येक वेळी आमचं बरोबर निघायचं. चुकत राहिलो असतो तर ही सवय लागलीच नसती.

या सवयीत आमची मावशी गेली. वॉर्डातली मावशी, माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली. तेवढंच लिहायचं आहे.

मी वॉर्डची इन्चार्ज आहे. लातूरकडची, लग्न होऊन मोशीत आले ती या पट्ट्यातलीच झाले. माझ्या हाताखाली नव्या मुली येतात त्याही बीड, परभणी, नांदेडच्या. जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून आलेल्या, आकडे पाठ. सोडियम एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस, पोटॅशियम साडेतीन ते पाच, धडाधड सांगतात. पाठ असायलाच पाहिजे. पण वॉर्डात आकडा कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, म्हणून मी त्यांना दुसरं सांगते. सोडियम उतरलेल्या पेशंटला घरचे लोक धरून आणतात, कारण तो बरळायला लागलेला असतो, सुनेला आई म्हणत असतो. पोटॅशियम चढलेला पेशंट स्वतः चालत येतो आणि म्हणतो, जरा अशक्तपणा वाटतोय. सोडियमवाल्याला आपण वेळ देऊ शकतो, उलट हळूहळूच दुरुस्त करावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. पोटॅशियमवाल्याला वेळ देऊ नका.

रक्त घ्यायचे नियमही मीच शिकवते. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवायचा नाही. मूठ उघडझाप करायला लावायची नाही. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून घ्यायचं नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतायचं नाही, कारण जांभळीत रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं त्यातच पोटॅशियम असतं. एवढं सगळं पाळून घेतलेलं रक्त मग त्या बॅगेत जातं आणि चौकात उभं राहतं. मुलींना शिकवताना मला याचं हसू यायचं. आता येत नाही.

मावशीला यातलं बरंच ऐकून ऐकून कळायचं. ती इथल्या जुन्या गावातली. जमीन कंपन्यांना गेली, मुलानं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, दारात दोन गाड्या. तरी ही आमच्याकडे बेडपॅन उचलायला आणि चादरी बदलायला यायची. मी एकदा विचारलं, "मावशी, घरी एवढं असताना कशाला येता?"

"मग काय करू? भाडेकरूंच्या चपला मोजू व्हय? हितं निदान चार मानसं आजारी बगायला मिळत्यात."

नव्या मुलींना ती "ए बीडाच्या", "ए नांदेडाच्या" अशीच हाक मारायची. कुणी शीर शोधताना दोनदा टोचलं की बाजूला उभी राहून म्हणायची, "आता काय बोअरवेल घेती का त्याची?" पेशंट हसायचा, मुलगी रडकुंडीला यायची आणि तिसऱ्यांदा सुई बरोबर जायची. कंपनीतली पोरं सलाईन मागायला आली की तिला विशेष जोर चढायचा. इकडे हा एक रिवाजच आहे. ओव्हरटाइम झाला, भट्टीपुढे उभं राहून अंग गळून गेलं, की पोरं दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "सिस्टर, एक पिवळी लावा." पिवळी म्हणजे व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातलेली बाटली. साधी सलाईन म्हणजे मीठ-पाणी, डेक्स्ट्रोज म्हणजे साखर-पाणी, आरएलमध्ये मीठ आणि बरोबर थोडं पोटॅशियम, कॅल्शियम. कुठली कधी लावायची याला कारण असतं, पण पोरांना फक्त रंग कळतो. पांढरी लावली तर फसवल्यासारखं तोंड करतात. मावशी त्यांना म्हणायची, "लिंबू सरबत पी की रं भाड्या, हात कशाला फोडून घेतूस?"

तिला साखरेचा आजार होता, बीपी होतं. क्रिएटिनिन नेहमी थोडं वर असायचं. सर तिला म्हणत, "मावशी, किडनी जरा मंद चालतीय तुमची, गुडघ्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका." ती मान हलवायची. घेत होती की नव्हती, मला माहीत नाही.

त्या दिवशी सकाळी ती चादरींचा गठ्ठा मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली. मावशी कामात बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाई वो सिस्टर. पाय उचलनात. निस्ते लाकडावानी झाल्यात."

"चक्कर येतीय? छातीत दुखतंय?"

"दुखत न्हाई काय. एक बाटली लावा, मंग बगा कशी पळते."

साखर बघितली, ठीक होती. बीपी ठीक. नाडी पन्नासच्या आसपास, नेहमीपेक्षा मंद. मला ते आवडलं नाही. खिडकीजवळचा बेड रिकामा होता, तिथं झोपवलं. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, नवा होता, पण नीट होता. त्यानं तपासलं, पायात जोर कमी आहे हे त्यालाही कळलं, आणि सगळं रक्त पाठवायला सांगितलं. रक्त मी स्वतः घेतलं. एका टोचण्यात, पट्टा लगेच सोडून. लॅबच्या माणसाच्या हातात ट्यूब देताना म्हटलं, "आमच्या मावशीचं आहे, लवकर न्या." तो म्हणाला, "मॅडम, मी नेतो, चौक नेईल तेव्हा."

डॉक्टरांनी साधी सलाईन हळू लावायला सांगितली. बाटली बघून मावशीनं हात आखडता घेतला.

"मला पांढरी व्हय? कंपनीतल्या पोरांना पिवळी, अन् जल्मभर तुमची घाण काढली त्या मला पांढरी?"

वॉर्डातले सगळे पेशंट हसले. बीडची मुलगी म्हणाली, "मॅडम, द्या की एक अँप्यूल टाकून, नाहीतर या काही गप बसत नाहीत." मी डॉक्टरांना विचारून ते अँप्यूल टाकलं. मावशी त्या बाटलीकडे समाधानानं बघत पडून राहिली. त्या व्हिटॅमिननं तिचं काही बिघडलं नाही. काही सुधारलंही नाही.

रिपोर्ट फोनवर आला. बीडच्या मुलीनं मोठ्यानं वाचला. क्रिएटिनिन नेहमीपेक्षा जरा वर. सोडियम ठीक. पोटॅशियम सात पॉइंट एक. खाली शेरा, नमुना किंचित हिमोलाइज्ड. म्हणजे पेशी फुटलेल्या.

"सात?" मावशी बेडवरून म्हणाली. "आज लई जाम दिसतंय. चौक वजा करा की!"

सगळे हसले. मीही हसले.

हसून झाल्यावर मी लॅबच्या माणसाला फोन लावला. तो खरोखरच अडकला होता. चौकात एक ट्रेलर वळताना आडवा राहिला होता, उन्हात बराच वेळ कुणालाच हलता आलं नव्हतं. पोटॅशियम चढलं की ईसीजीतल्या टी लाटा उंच होतात, म्हणून डॉक्टरनं ईसीजी काढला आणि फोटो सरांना पाठवला. सर तेव्हा चिखलीच्या ओपीडीत होते. त्यांनी लगेच मला फोन केला.

"टी वेव्हज जरा उंच वाटतात. पण तिच्या मागच्या ईसीजीतही तशाच होत्या, मला आठवतंय. नमुना अडकला होता का?"

"हो सर, ट्रेलर आडवा होता."

"मग ताबडतोब दुसरा पाठवा. बीपीची गोळी आज देऊ नका. मॉनिटर लावता येत असेल तर लावा."

एकच मॉनिटर होता आणि तो अपघातात आलेल्या एका मुलाला लावलेला होता. दुसरा नमुना मी घेतला, दुसऱ्या माणसाबरोबर पाठवला. सरांचं बोलणं मला पटलं होतं. पुढे मी ते सगळे कागद पुन्हा समोर ठेवून बघितले आहेत. ट्रेलर खरा होता, शेरा खरा होता, जुना ईसीजी खरा होता. प्रत्येकाचं कारण बरोबर होतं. कुणी आळस केला असता तर मला बरं वाटलं असतं. आळशी माणसाला कामावरून काढता येतं.

एक माहीत होतं, ते लिहून ठेवते. पोटॅशियम चढलेल्या प्रत्येकाच्या ईसीजीत ते दिसतंच असं नाही. कधी कधी पट्टी बरी दिसते आणि माणूस बरा नसतो. हे मला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, सरांना तर होतंच. पण आम्हाला चौकही माहीत होता, आणि चौकाचा अनुभव रोजचा होता.

दुपारी सून डबा घेऊन आली. शिकलेली मुलगी, एका कंपनीत अकाउंटला. सासूचं कळल्यावर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, घरी जाऊन खिचडी करून आली होती. मावशी तिची तारीफ कधी करायची नाही, पण तिच्याबद्दल दिवसभर बोलायची.

"आली का? काय आणलंस?"

"मुगाची खिचडी आणलीये, आई. आणि तुमचं मीठ पण पुडीत बांधून आणलंय, नाहीतर इथं साधं मीठ घालून घ्याल."

"त्या मिठाला चव हाय का? मूठभर घातलं तरी कळत न्हाई."

मी शेजारच्या बेडची सुई काढत होते. हात थांबवून विचारलं, "कुठलं मीठ?"

"बीपीवालं हो, सिस्टर. कमी सोडियमचं. मॉलमध्ये मिळतं. मोबाईलवर बघितलं होतं मी, बीपीवाल्यांनी साधं मीठ बंद करायचं म्हणून. आता आईंना आणि मामांना, म्हणजे सासऱ्यांना, तेच देते. मामा निमूट खातात. आईंना चव लागत नाही म्हणून त्या वरून घालून घेतात, लोणच्यासारखं."

सोडियम कमी केलेल्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. मावशीची किडनी मंद, त्यावर बीपीची जी गोळी चालू होती तीही पोटॅशियम धरून ठेवणारी. पाकिटावर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून वापरावं. पण मावशी स्वतःला किडनीची रुग्ण समजतच नव्हती आणि सुनेला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या घरात ती बीपीची पेशंट होती.

मी सुनेच्या हातातला डबा घेतला आणि लॉकरवर ठेवला. डॉक्टरला बाहेर बोलावून सांगितलं. त्यानं सरांना फोन लावला. सरांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कॅल्शियम ग्लुकोनेट द्या, हळू, मग इन्शुलिन-डेक्स्ट्रोज. रिपोर्टची वाट बघू नका. मी निघालो."

अपघातवाल्या मुलाचा मॉनिटर काढून मावशीला लावला. त्यावर जे दिसलं ते सकाळच्या पट्टीवर नव्हतं. लाटा रुंद झाल्या होत्या, एकीचं टोक दुसरीत मिसळत होतं. मी आजवर हे पुस्तकात बघितलं होतं आणि दोनदा आयसीयूत.

कॅल्शियमनं पोटॅशियम कमी होत नाही. ते हृदयाला थोडा वेळ आधार देतं, तेवढ्या वेळात इन्शुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. मुलींना मी हे नेहमी सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही, नांदेडच्या मुलीच्या हातात इन्शुलिनची बाटली दिली आणि डोस सांगितला. तिनं तो परत म्हणून दाखवला, बरोबर होता. डॉक्टर कॅल्शियम हळूहळू ढकलत होता. भरभर देता येत नाही. ते औषध असं आहे की घाई असली तरी हळूच द्यावं लागतं.

"सिस्टर," मावशी म्हणाली, "तुमी का पळताय?"

"काही नाही. इंजेक्शन चाललंय."

"डबा द्या की मग. भूक लागलीया."

"थांबा जरा."

सिरिंज निम्मीही रिकामी झाली नव्हती. मॉनिटरवरची रेघ एकदम पसरट झाली, मग वेडीवाकडी, मग नुसती थरथरत राहिली. डॉक्टर छातीवर दाबायला लागला. मी तोंडावर मास्क धरून बॅग दाबली. झटका दिला, पुन्हा दिला. मुली एकीनंतर एक पुढे होत होत्या. बीडची मुलगी दाबताना मोजत होती, आणि मोजता मोजता तिचा आवाज बसला तरी मोजत होती. अपघातवाला मुलगा पलीकडे तोंड करून पडला होता. दारात सून उभी होती. तिला बाहेर न्यायला हवं होतं, पण न्यायला कुणी मोकळं नव्हतं. एरवी ते काम मावशी करायची.

सर आले तेव्हा आम्ही थांबलो होतो. त्यांनी एकदा तपासलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि डॉक्टरला म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत." डॉक्टरनं मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

दुसरा रिपोर्ट तिला स्ट्रेचरवर घेत असताना आला. पोटॅशियम आठ पॉइंट दोन. खाली तोच शेरा, नमुना किंचित हिमोलाइज्ड. म्हणजे कागदावरून आजही सांगता येणार नाही की त्यातलं मावशीचं किती आणि रस्त्याचं किती. मॉनिटरवर जे बघितलं ते मी बघितलं. तेवढं मला पुरे आहे.

संध्याकाळपर्यंत गाव जमलं. मुलगा सरांपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमी लई केलं तिच्यासाठी. कामावरच गेली, तिला तसंच पायजे होतं." तिला तसं नको होतं. तिला खिचडी खायची होती. पण तो आईसाठी बोलत होता आणि मी माझ्यासाठी बोलले असते.

नंतर जे होतं ते झालं. सरांनी आम्हाला बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, स्वतःला वगळून नाही. इलेक्ट्रोलाइट्सचं छोटं मशीन घेतलं. ते चाललं, आम्ही त्याच्याकडे देवघरासारखं बघायचो. मग त्याचं द्रावण वेळेवर येईना, इलेक्ट्रोड गेला, कंपनीचा इंजिनिअर आज येतो उद्या येतो म्हणाला. आता त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे आणि कव्हरवर मुली आपले डबे ठेवतात. रक्त परत बॅगेतून जातं. रस्ता रुंद होणार, वरून पूल होणार, असं सगळे सांगतात. ट्रेलर मात्र आणखी लांब झालेत.

वॉर्डात तो शब्द मी बंद केला. कुणी माझ्यासमोर बोलत नाही. पण पोटॅशियम सहा आल्यावर नव्या मुलीच्या चेहऱ्यावर जी भीती यायला पाहिजे ती येत नाही, हे मला दिसतं. त्यांनी चौक बघितलाय, रोज त्याच चौकातून कामावर येतात. आता प्रत्येक चढलेल्या आकड्याला मी ईसीजी काढायला लावते, मॉनिटर लावायला लावते, प्रत्येकाला घरात कुठलं मीठ खाता ते विचारते. दहांत नऊ वेळा काहीच नसतं. मग मुली एकमेकींकडे बघतात. मॅडमचं वय झालं, असं त्या बघण्यात असतं. असू दे.

हे मशीन वगैरे यायच्या आधीच, मावशीचं तेरावं झाल्यावर, सून आली होती. ओपीडीच्या गर्दीत न थांबता सरळ वॉर्डात, माझ्याकडे. हातात पिशवी नव्हती, काही नव्हतं. माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"सिस्टर, मामांचं बीपी वाढलंय. आई गेल्यापासून जेवतच नव्हते, आता थोडं जेवायला लागलेत. त्यांना ते मीठ तसंच चालू ठेवू ना?"

मला वाटलं होतं तिला कुणीतरी सांगितलं असेल. मुलानं, सरांनी. कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी तिच्यावर दया केली होती. आणि घरात तो म्हातारा रोज त्याच डब्यातलं मीठ खात होता.

"बंद करा," मी म्हणाले. "आजच. साधं मीठ द्या, थोडं. आणि मामांची किडनी तपासली आहे का कधी?"

"नाही. का? मिठाचा किडनीशी काय संबंध?"

मी सांगितलं. सोडियमच्या जागी काय घालतात, किडनी मंद असली की काय होतं. जेवढ्यास तेवढं. ती हिशेबातली मुलगी, तिला वेळ लागला नाही.

"म्हणजे आईंना..."

"आईंना बऱ्याच गोष्टींनी झालं. साखर होती, किडनी होती, गोळी होती."

"आणि मीठ."

"आणि मीठ."

ती रडेल असं मला वाटलं होतं. मी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"त्या दिवशी सकाळीच रिपोर्ट आला होता ना? आईंनीच मला फोनवर सांगितलं होतं, हसत होत्या. सात आलंय म्हणाल्या."

"हो."

"मग इंजेक्शन दुपारी का दिलं?"

तिला चौक समजावून सांगायला घेतलं. बॅग, ट्रेलर, फुटलेल्या पेशी, हजारदा खोटा निघालेला आकडा. ती ऐकत होती. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू यायला लागला, मुलींना शिकवते तसा, ठाम आणि स्वच्छ. मी थांबले.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्या हातात कागद होता."

"हो," मी म्हणाले.

मागे कुणाचं तरी सलाईन संपलं होतं, नातेवाईक "सिस्टर, सिस्टर" करत होता. बीडची मुलगी गेली. मी म्हणाले, "मामांना आजच घेऊन या. मी स्वतः रक्त घेते, ईसीजी काढते."

"इथं नको."

मग तिनं माझ्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतली, कुठल्या कुठल्या तपासण्या करायच्या. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. तिनं ती वाचली, पोटॅशियमवर बोट ठेवून विचारलं, "किती पाहिजे?"

"साडेतीन ते पाच."

तिनं मान हलवली. पिंपरीला नेते म्हणाली, तिथं लॅब हॉस्पिटलातच आहे. खाली तिची स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मामांचा आकडा किती आला ते मला कळलं नाही. तिनं फोन केला नाही, आणि मी करावा असं तोंड मला उरलं नव्हतं.